बाई क्रमांक चार

पाचवीच्या वर्गात मी श्रुतलेखन घालत होते आणि मला ठसका लागला. मुलांच्या पेन्सिली थांबल्या. मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, खोकला लिहायचा का?"

वर्ग खो खो हसला. पण ती पोर थट्टा करत नव्हती. मी तिची वही पाहिली. वाक्याच्या मध्येच कंस करून तिने "बाई खोकल्या" असं लिहूनही टाकलं होतं. ते ठेवायचं की खोडायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव कानसेन पडलं आणि ते तिला असं चिकटलं, की पुढे ती टायपिंगला बसायची त्या दुकानाचे मालकही तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर. पुढच्या खोलीत मालक, म्हणजे बाइंडर काका, त्यांची डिंकाची वाटी, पुठ्ठे कापायचा सुरा आणि सोनेरी अक्षरांचा साचा. मागच्या खोलीत कानसेन. डोक्यावर हेडफोन, समोर कॉम्प्युटर, टेबलाखाली एक पेडल. पाय दाबला की रेकॉर्डिंग चालू, उचलला की बंद. विद्यापीठातली मुलं लोकांच्या मुलाखती घेऊन यायची, परिचारिकांच्या, ड्रायव्हरांच्या, बायको गेलेल्या म्हाताऱ्यांच्या, आणि कानसेन त्या शब्द न् शब्द टाइप करून द्यायची. दुसरे टायपिस्ट नुसतं बोलणं उतरवायचे. कानसेन अख्खी खोली उतरवायची. (हसतो.) (चार सेकंद शांतता.) (बाहेर कुणीतरी बादली सरकवते.) प्राध्यापक मंडळी म्हणायची, हिची पानं वाचली की माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. आपल्या कंसांचा तिला फार अभिमान होता.

तिचा एक नियम होता. प्रत्येक कामाआधी ती एका कागदावर सही करायची: यातलं काहीही मी कुणाला सांगणार नाही. कानात जाईल ते कागदावर उतरेल, तिसरीकडे कुठेही नाही. एकोणीस वर्षांत एकदाही तिने तो मोडला नव्हता. घरी जाऊबाई चिडवायच्या, "आमची धाकटी म्हणजे तिजोरी आहे नुसती. जावेलासुद्धा चावी नाही."

पुढे जे सांगते आहे तेही मला कानसेनने आपणहून सांगितलेलं नाही. बऱ्याच वर्षांनी जाऊबाईंनी सांगितलं. आपल्या वाट्याचं कानसेन बोलली, ते जाऊबाई समोर बसून "सांग गं, सांग, मी आहे इथे" म्हणाल्या तेव्हाच.

त्या आठवड्यात एक संशोधक पोरगी अकरा रेकॉर्डिंग घेऊन आली होती. प्रबंधाचा विषय, लाँड्रीत काम करणाऱ्या बायका. एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत ती स्वतः तीन महिने चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर रोजंदारीने उभी राहिली होती. दुपारच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसत, तेव्हा फोन मध्ये ठेवून तिने गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या. नावं नव्हती, बाई क्रमांक एक, दोन, तीन, असे आकडे होते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. सहा प्रती: पाच विद्यापीठाला, एक त्या रुग्णालयाला, आभार म्हणून.

शहरात अशी रुग्णालयं बरीच. कुठलं, हे कानसेनने विचारलं नाही. ती कधीच विचारत नसे.

गुरुवारपर्यंत सहा रेकॉर्डिंग झाली. मागे कपडे वाळवायच्या यंत्राची घरघर सतत चालू. बाई क्रमांक चार फोनपासून लांब बसत असावी. तिचं एखादं "हो ना" तेवढं त्या घरघरीतून यायचं.

शुक्रवारी दुपारी सातवं लावलं. यंत्र थांबलं. कानसेनने टाइप केलं: (यंत्र थांबते.) मग पत्र्यावर बोटं वाजली. ती लिहीत गेली: (बाई क्र. ४ डब्याच्या झाकणावर बोटे वाजवते. दोनदा, मग एकदा.)

लिहून झालं आणि तिचा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला.

तिच्या घरी, स्वयंपाकघरात, काही महत्त्वाचं बोलायचं असलं की जाऊबाई डब्याच्या झाकणावर अशीच बोटं वाजवत. दोनदा, मग एकदा. ती वाजली की पोरंसुद्धा गप्प बसायची. आणि जाऊबाई नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या लाँड्रीत होत्या. अजून हंगामीच.

तिने पाय पुन्हा खाली ठेवला.

"ऐका गं," बाई क्रमांक चार म्हणाली, "बाहेर नाही हं जाऊ द्यायचं. पंधरा दिवस झाले, चादर झटकली तर आत सुई. ही इथे बोटात. सुपरवायझरला सांगितलं. म्हणतो, नोंदवहीत लिहिलं तर चौकशी लागेल, आणि यंदा कायम करायच्या यादीत तुमचं नाव आहे, बघा बाई तुमचं तुम्ही. मग काय, बसले गप्प. रक्त बाहेर तपासून घेतलं. पहिला रिपोर्ट चांगला आहे, पण तीन महिन्यांनी परत करायला सांगितलंय. घरी कुणाला ठाऊक नाही. धाकटीला तर मुळीच नाही. ती नुसत्या आवाजावरून ओळखेल."

धाकटी म्हणजे ती स्वतः. तेही तिने टाइप केलं. शेवटी लिहिलं: (सहा सेकंद शांतता. कुणीतरी डबा बंद करते.)

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर जाऊबाई वाढत होत्या आणि कानसेनची नजर त्यांच्या बोटांवरून हलेना.

"काय गं? माझ्या हाताला सोनं लागलंय का?"

"कुठे काय."

"मग जेव की. तोंडात घास धरून बसलीय केव्हाची."

विचारावं तर सही मोडते. न विचारावं तर घास उतरत नाही. ती पाणी प्यायली. मग दुकानात परत जाऊन उरलेली चार रेकॉर्डिंग तिने रात्रीतून उतरवली.

शनिवारी सकाळी पोरगी पानं न्यायला आली. कानसेनने शेकडो प्रबंध टाइप केले होते. पहिल्या चार पानांत काय असतं ते तिला तोंडपाठ होतं.

"नैतिकता समितीच्या परवानगीचा क्रमांक दे. चौथ्या पानावर घालायचाय."

"तो नाहीये ताई. लागत नाही."

"कोण म्हणालं?"

"सर म्हणाले. आपण कुणाला औषध देत नाही, रक्त काढत नाही. मग कशाला? आणि मी काही मुलाखती नाही घेतल्या. मी तिथे कामाला होते. गप्पा आहेत या."

"त्या बायकांना माहीत होतं, फोन चालू आहे?"

"म्हणजे... आठवण म्हणून करतेय, असं म्हटलं होतं मी."

"प्रबंधासाठी, असं?"

पोरगी पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. "सुरुवातीला मलाच माहीत नव्हतं, की हे प्रबंधात घेईन. खरंच कामाला गेले होते हो. मग बोलणं इतकं चांगलं निघायला लागलं..."

"हे बघ," कानसेन म्हणाली, "मी काही प्राध्यापक नाही. पण एकोणीस वर्षं ते चौथं पान टाइप करतेय. जिवंत माणसाचं बोलणं घेऊन त्यावर तुझा अभ्यास उभा राहणार असेल, तर आधी समितीला विचारायचं. मग त्या माणसाला सांगायचं, कशासाठी घेतेय, कोण वाचणार, नको असेल तर नाही म्हण. औषधाचा काही संबंध नाही त्यात. गप्पा होत्या ना, त्या फोन डब्याशेजारी ठेवलास त्या दिवसापर्यंत."

"पण नावं कुठे आहेत? आकडे आहेत नुसते!"

कानसेनने सातव्या रेकॉर्डिंगचं पान तिच्यापुढे सरकवलं. पोरगीने वाचलं. कंसापाशी थांबली.

"मग हे कंस काढून टाका ना. झाकण, खोकला, सगळंच. तुम्हीच घातलेत हे!"

हे मात्र वर्मी लागलं. खरंच होतं ते. इतकी वर्षं जो अभिमान मिरवला, त्यानेच बाई क्रमांक चारला उजेडात आणून बसवलं होतं. कानसेन कॉम्प्युटरकडे वळली. दिवसभरात तिने तीनशे अठरा कंस काढले. बाइंडर काका चहा ठेवून गेले, तो तसाच गार झाला.

चारच्या सुमारास तिने सातवं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून वाचलं. कंस गेले होते आणि जाऊबाई तिथेच बसल्या होत्या. ते "बसले गप्प", ते "ऐका गं". सुई तर होतीच, यादी होती, सुपरवायझर होता.

पोरगी परत आली तेव्हा कानसेनने पानं हातात धरूनच ठेवली.

"कंस काढले. तरी यातली एक बाई मी ओळखली."

पोरगीचा चेहरा उतरला. "कोणती?"

"ते नाही सांगणार. सांगितलं तर मग माझ्यात आणि तुझ्या फोनमध्ये फरक काय राहिला?"

"मग कशावरून—"

"मी त्या लाँड्रीत आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. तरी ओळखली. सुपरवायझर रोज तिथे असतो. आणि तू त्याला आभार म्हणून एक प्रत देणार आहेस."

"तीन वर्षं गेली माझी ताई!" पोरगीचा आवाज चढला. पुढच्या खोलीतला सुरा थांबला. "सोमवारी दिला नाही तर शिष्यवृत्ती जाते. घरी काय सांगू? आणि ही पानं माझी आहेत. तुमचं काम टाइप करायचं आहे."

तेही खरंच होतं. दुसऱ्याचे कागद अडवायचे नाहीत, हाही धंद्याचा नियमच. कानसेनने पानं दिली. पोरगी मागे न बघता गेली.

"काय भानगड आहे?" बाइंडर काकांनी विचारलं.

"काही नाही काका."

"तू काही नाही म्हणालीस, म्हणजे मोठी आहे."

रविवारी दुपारी कानसेन भाजी चिरत होती आणि जाऊबाई एकदम खुशीत आल्या. झाकणावर बोटं वाजली. दोनदा, मग एकदा. कानसेनच्या हातातली सुरी खाली पडली.

"अगं, हो हो! एवढं काय दचकायचं? ऐक तर. आमच्याकडे ती पोरगी होती ना घड्या घालायला, विद्यापीठातली? तिने आमच्यावर पुस्तक लिहिलंय म्हणे! सुपरवायझर सांगत होता. उद्यापरवा प्रत यायचीय, आली की सगळ्यांसमोर वाचून घेऊ म्हणाला."

"तो वाचणार?"

"मग काय मी वाचू? चष्मा कुठाय माझा?" जाऊबाई हसल्या. "काय लिहिलं असेल गं? आम्ही काय करतो, चादरी धुतो. गोड होती हं पोरगी. माझ्या डब्यातलं खायची."

कानसेनचे ओठ उघडले होते. एक वाक्य पुरे होतं. वहिनी, तुमचं बोलणं त्यात आहे. पण मग पुढचं वाक्य आलंच, की मी ऐकलंय, आणि जे त्यांनी ठरवून तिच्यापासून लपवलं होतं ते तिच्या तोंडून त्यांनाच ऐकवायचं. तिने वाकून सुरी उचलली. मनात एवढं मात्र ठरवलं, की उद्या पोरगी बाइंडिंगला आली तर स्वतः समितीच्या कार्यालयात जायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणी काय बोललं ते सांगायचं नाही. परवानगीशिवाय एक प्रबंध येतोय, इतकंच सांगायचं. पोरगीचं काय होईल, हेही तिला ठाऊक होतं. तिला ती पोरगी आवडत होती, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

सोमवारी साडेदहाला पोरगी आली. डोळे सुजलेले. काकांचे सहा पुठ्ठे तयार होते, वर सोनेरी अक्षरं.

"किती प्रती?" काकांनी सवयीने विचारलं.

"पाच." ती कानसेनकडे बघत म्हणाली, "रुग्णालयाची नको. पाचच."

काकांनी डिंकाचा ब्रश उचलला.

"थांबा काका," कानसेन म्हणाली. काका थांबले. "पाच प्रती ग्रंथालयात जाणार. सुपरवायझरची पोरगी उद्या तिथे शिकायला आली तर?"

"कोण कशाला वाचेल ते?"

"मग लिहिलंस कशाला?"

डिंकाचा एक थेंब ब्रशवरून टेबलावर पडला. पोरगी स्टुलावर बसली. 

"मी त्यांच्या डब्यातलं खाल्लं हो ताई," ती म्हणाली. "सुईचं ऐकलं तेव्हा मी रडले होते. घरी येऊन. आणि मग पहिला विचार काय आला माहितीये? फोन चालू होता ना, हा."

काकांनी ब्रश वाटीत ठेवून दिला.

"कितव्या मजल्यावर आहे समिती?" पोरगीने विचारलं.

"तिसऱ्या. चल, मी येते. जिन्यापर्यंत."

जिन्यापर्यंत म्हणून गेलेली कानसेन खिडकीपर्यंत गेली. खिडकीतला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "परवानगी हवीय? कधीपासून सुरू करताय?"

"झालंय," पोरगी म्हणाली. "अकरा रेकॉर्डिंग झालीत."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, इथे सगळे शिक्के आहेत. मागच्या तारखेचा तेवढा नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमला. "आपल्या पायांनी आलात, ते बरं केलंत. बसा. अध्यक्षांना बोलावतो. आणि तुमच्या सरांनाही बोलवावं लागेल."

दीड तास दार बंद होतं. कानसेन बाकावर बसून आतले आवाज ऐकत होती आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच न ऐकण्याचा प्रयत्न करत होती. सरांचा आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला. पोरगी बाहेर आली ती हातात एक अर्ज घेऊन. प्रबंध त्या दिवशी द्यायचा नाही. रेकॉर्डिंग आणि पानं समितीसमोर पुसायची, त्यातली एक ओळही वापरायची नाही. नवा अर्ज, नवी परवानगी. आणि मग प्रत्येक बाईकडे जाऊन आधी काय केलं ते सांगायचं, त्यानंतर विचारायचं. विचारायचं तेही लाँड्रीत नाही, सुपरवायझरच्या नजरेआड. शिष्यवृत्ती पुढे मिळेल का, हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही.

दुकानात परतल्यावर कानसेनने आपल्या कॉम्प्युटरमधली सगळी पानं पुसली. काकांनी सहाही पुठ्ठे फळीवर उलटे ठेवले.

लाँड्रीत पुस्तक आलं नाही. जाऊबाई चार दिवस कुरकुरल्या, "हल्लीची पोरं. नुसत्या बाता," आणि विसरल्या. कानसेन मात्र दिवस मोजत होती. सुई टोचली त्याला तीन महिने कधी होतात, ते तिने रेकॉर्डिंगवरच्या तारखेवरून काढून, कॅलेंडरवर खूण न करता पाठ केलं होतं. तो आठवडा आला तेव्हा ती रोज जाऊबाईंच्या आवाजाकडे कान लावून बसे. आवाज नेहमीसारखाच. जिन्यावर पाऊल जरा जड वाटलं, की ही हातातलं काम टाकून दाराशी जाई.

समितीकडे गेल्याला सात आठवडे झाले, तेव्हा एका संध्याकाळी पोरगी घरी आली. पत्ता तिने बायकांकडून घेतला होता. दार कोण उघडणार याची तिला कल्पना नव्हती. कानसेनने दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पोरगीच्या तोंडाचा रंग गेला. कोणती बाई ओळखली होती, ते तिला त्या क्षणी कळलं असणार. ओळख मात्र दोघींनीही दाखवली नाही.

पोरगीने जाऊबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. फोन कशासाठी चालू होता, काय करणार होती, काय पुसलं. जाऊबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी खाऊ घालत होते आणि तू भरून घेत होतीस."

"हो," पोरगी म्हणाली. खाली मान घालून, पण म्हणाली.

तिने कागद पुढे केला. जाऊबाईंनी तो सवयीने धाकटीकडे दिला. "वाच गं, काय म्हणतोय."

कानसेनने संमतिपत्र वाचून दाखवलं. कोण वाचणार, कुठे ठेवणार, कधीही माघार घेता येईल, नाही म्हटलं तर कुणाला कळणार नाही. आवाज सरळ ठेवला. खाली दोन चौकटी होत्या.

"तुला काय वाटतं? करू सही?"

"तुमचं तुम्ही ठरवायचं, वहिनी. तसंच लिहिलंय."

जाऊबाईंनी पेन घेतलं आणि "नाही"च्या चौकटीत खूण केली. "यादी लागू दे आधी," त्या पोरगीला म्हणाल्या. "कायम झाले की ये. तेव्हा आकडा नको, माझं नाव लिहून घे. आणि जाताना खाऊन जा. डबा नाही, ताटात वाढते."

पोरगी जेवून गेली. तिचा प्रबंध पुढच्या वर्षी झाला, सात बायकांवर. चौथ्या पानावर क्रमांक आणि तारीख होती. ते पान कानसेननेच टाइप केलं.

पण त्या संध्याकाळी, पोरगी जिना उतरून गेल्यावर, जाऊबाई ताटं उचलता उचलता थांबल्या.

"धाकटे, त्या विद्यापीठाच्या पोरांचं टायपिंग तूच करतेस ना गं?"

 कानसेनच्या हातात ताट होतं. नळ ठिबकत होता. तिने मोजले नाहीत, पण चार-पाच सेकंद तरी गेले असतील.

जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग वळून ओट्यावरच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली. दोनदा, मग एकदा.

"दुसरा रिपोर्ट आला परवा," त्या म्हणाल्या. "चांगला आहे. आता ते ताट ठेव खाली, पाडशील."